निकाहनाम्यात एक ओळ वाढवा

मुसलमान बाईला किती मुलं असावीत, यावर आमच्या सीमाभागात सगळ्यांना मत असतं. निवडणूक आली की एका व्यासपीठावरून 'त्यांच्या' लोकसंख्येचा बागुलबुवा उभा राहतो. दुसरीकडे एखाद्या तकरीरीत कुटुंबनियोजन म्हणजे दीनविरुद्धचं (धर्माविरुद्धचं) कारस्थान असल्याचं ठणकावून वक्ता पुढच्या गावी निघून जातो. चहाच्या गाड्यावर दोन्हींचा कीस पडतो. ज्या बाईच्या पोटाबद्दल ही चर्चा चाललेली असते ती निपाणीतल्या एखाद्या बोळात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कारखान्यात माल देताना किती विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या आणि किती पैसे कापले, हे ती झोपेतही सांगेल. पण पुढचं मूल हवं की नको, याचा हिशेब तिच्या हातात नसतो. आशा कार्यकर्ती तांबीचं विचारायला आली की उत्तर ठरलेलं: "उनो नक्को बोलते." पलीकडच्या मराठ्याच्या घरातली बाई "ह्यांना विचारून सांगते" म्हणते. आशाबाईच्या वहीत दोन्हीकडे रकाना कोराच.

या बाईच्या आड जितका धर्म येतो असं आपण समजतो तितका तो येत नाही, आणि देशाचा कायदा तर जवळपास येतच नाही. आड येते ती घरातली न लिहिलेली सत्ता. ती मोडायची तर जो कागद मुसलमान समाज स्वतःचा मानतो, ज्यावर नवराबायको दोघांच्या सह्या असतात, त्या निकाहनाम्यापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं आणि परवडणारं आहे. समान नागरी कायदा येईल तेव्हा येईल.

लोकसंख्येचं आधी उरकून घेतो, कारण त्यात फार दम नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो आकडा २.३६ वर आला. हिंदूंचा १.९४ आहे. अंतर अजून आहे, पण तीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आलेला आकडा कुणाच्या भाषणाने खाली आलेला नाही. तो बायकांनी आणला: कुणी नवऱ्याला पटवून, कुणी माहेरी बाळंतपणाला गेल्यावर आईच्या सल्ल्याने ऑपरेशन उरकून, कुणी गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवून. त्याच पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली दिसते, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. हा आकडा सगळ्या धर्मांचा मिळून आहे. निर्णय पुरुषाचा आणि टाके बाईला, ही वाटणी आपण किती एकदिलाने पाळतो ते यावरून कळावं.

आता किताबाकडे. पैगंबरांचे एक सहाबी, म्हणजे सोबती, जाबिर यांचं कथन हदीसच्या संग्रहांत आहे, की कुरआन उतरत होतं त्या काळात आम्ही अज़्ल करत होतो. अज़्ल म्हणजे गर्भ राहू नये म्हणून वीर्य बाहेर सोडणं. याच आधारावर बहुसंख्य फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांनी, गर्भनिरोध जायज मानला. त्यातही हनफी, मालिकी आणि हंबली या सुन्नी धर्मशास्त्राच्या परंपरांनी अट घातली की बायकोच्या परवानगीशिवाय हे करायचं नाही. शाफई परंपरेतला गज़ाली (मृत्यू ११११) ही अट मानत नाही, पण गर्भ टाळण्याची जी कारणं त्याला मान्य आहेत त्यांत बाळंतपणात बायकोच्या जिवाला असलेला धोका आहे, तिचं रूप टिकावं ही इच्छा आहे आणि फार मुलं झाली तर होणारी ओढाताणही आहे. अकराव्या-बाराव्या शतकातला माणूस हे लिहून गेला. आमच्याकडे आजही 'तब्येत झेपत नाही' एवढं कारण सासूला पुरत नाही.

गर्भपाताबद्दल फकीहांत एकमत नाही. मालिकी फार कडक. हनफी परंपरेत, आणि दख्खनचे बहुतेक मुसलमान हनफीच, १२० दिवसांपर्यंत, म्हणजे गर्भात रूह फुंकली जाण्याआधी, सबळ कारण असेल तर परवानगी देणारं मत आहे. त्याला विरोध करणारेही त्याच परंपरेत आहेत. १२० दिवसांनंतर आईच्या जिवावर बेतलं तरच, असं साधारण मत. गंमत म्हणजे हे १२० दिवस गर्भ राहिल्यापासून मोजले, तर डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात त्या हिशेबाने साधारण १९ आठवडे होतात. आपल्या गर्भपात कायद्यात एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येण्याची मर्यादा २० आठवडे आहे. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली माणसं जवळजवळ एकाच मुक्कामी थांबली.

मला मात्र सगळ्यात बोलकी वाटते ती सूरह अल-बकराची २३३ वी आयत. आईने मुलाला पुरी दोन वर्षं पाजावं असं तिथे आहे, आणि पुढे असं की दोघांना दूध आधी तोडायचं असेल तर ते परस्परांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने तोडावं. मुलावरून आईला त्रास दिला जाऊ नये, हेही तिथेच आहे. अंगावरचं दूध तोडण्याइतकी बाब नवऱ्याने एकट्याने ठरवायची नाही, दोघांनी बसून ठरवायची. मग ते मूल पोटात कधी यावं हे एकट्याने ठरवायचा हक्क नवऱ्याला कुठून मिळाला? हा प्रश्न मशिदीत विचारता येण्यासारखा आहे. विचारला पाहिजे.

पण किताब पूर्णपणे बाईच्या बाजूचा आहे असं सांगणारे पुरोगामी मौलवी आणि त्यांचे चाहते जरा घाई करतात. अज़्लसाठी बायकोची परवानगी का लागते? फकीहांचं उत्तर असं, की सुखावर आणि संततीवर तिचाही हक्क आहे. म्हणजे मूल मागण्याचा हक्क तिला मिळाला. मूल नाकारण्याचा? तिने नवऱ्याला न विचारता स्वतःवर काही उपाय करावा का, यावर जुन्या ग्रंथांत मतभेद आहेत आणि नवऱ्याची परवानगी हवी म्हणणारे कमी नाहीत. पुरुष स्त्रियांचे 'कव्वाम', म्हणजे सांभाळ करणारे, असल्याचं सांगणारी सूरह अन-निसाची आयत आहे. नवऱ्याने बोलावल्यावर शय्या नाकारू नये अशा अर्थाची हदीस तर प्रत्येक नवविवाहितेला कुणी ना कुणी ऐकवतंच. दूध तोडण्याच्या आयतीबद्दल मात्र तिला कुणी सांगत नाही. किताबातलं काय वाचून दाखवायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यात बायका नव्हत्या, आणि आजही जमातीच्या कमिटीत बाई शोधून सापडत नाही.

देशाचा कायदा या बाबतीत शंकेला जागा ठेवत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासऱ्याची लागत नाही. आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावणाऱ्या एका नवऱ्याला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने परत पाठवलं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं ऐकलं नाही. त्याआधी २००९ सालीच त्या न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात मूल जन्माला घालायचं की नाही ही निवड घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात मोडते असं सांगितलं होतं. नसबंदीसाठीही जोडीदाराची संमती आवश्यक नाही, हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

आणि तरी. आमच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात एका ओळखीच्या बाईबरोबर गेले होते. दोन मुलं, धाकटं वर्षाचंही नाही, अंगात रक्त कमी, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "मिस्टरांना घेऊन या, सही लागते." मी म्हटलं, लागत नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं लागते." आत डॉक्टरीणबाईंनी जरा समजुतीने तेच सांगितलं: उद्या नवरा येऊन गोंधळ घालतो, काचा फोडतो, तेव्हा कायदा येतो का धावून? त्यांचंही पूर्णपणे खोटं नव्हतं. पण मी फॉर्म बघायला मागितला. नियमांबरोबर छापलेला तो फॉर्म सी, अवघ्या काही ओळींचा: मी अमुक, अमुकची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, राहणार अमुक, माझा गर्भ काढण्यास संमती देते. खाली तारीख, ठिकाण, सही. नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नाही. दवाखान्याने ती पेनने रेघ मारून तयार केली होती. त्या रेघेवर सही करायला जो माणूस यायला हवा होता तो त्या वेळी गोव्यात सेंट्रिंगच्या कामावर होता, आणि फोनवर "ठेव" म्हणाला.

यावर 'मुसलमानांत असंच असतं' म्हणणाऱ्यांनी कागवाडवरून मिरजेला जाताना लागणारं म्हैसाळ आठवावं. मार्च २०१७ मध्ये तिथे ओढ्याकाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुरलेले १९ गर्भ सापडले. गर्भपातात एक बाई दगावली म्हणून ते उघडकीला आलं. तपासाचे धागे सीमा ओलांडून कागवाडपर्यंत, विजापुरापर्यंत गेले. सोनोग्राफी एका राज्यात, गर्भपात दुसऱ्या राज्यात, अशी सोय लोकांनी सीमेची करून घेतली होती. तिथे शरियत नव्हती. हिंदू विवाह कायदा १९५५ पासून आहे, एकपत्नीत्व आहे, घटस्फोट आहे, आणि त्या छत्राखालीच मुलगी नको म्हणून बाईला टेबलावर चढवलं गेलं. 'समान नागरी कायदा आणा, सगळं सुटेल' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की कुठल्या कायद्याशी समान करायचंय? नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार न मानण्याची सूट जुन्या दंडविधानात होती, ती २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ६३ च्या अपवादात तशीच उतरवली आहे. ती सगळ्या धर्मांच्या नवऱ्यांना समान आहे. आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये अशा एका नवऱ्यावरचा खटला चालू द्यायचं धाडस केलं, तर काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मात्र मुस्लिम कौटुंबिक कायद्यात बाईवर एक जादा ओझं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या लग्नाची मुभा. प्रत्यक्षात दोन बायका करणारे थोडे: पाचव्या पाहणीत मुसलमान बायकांपैकी १.९ टक्के बायकांनी नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगितलं, हिंदूंत १.३ टक्के. पण धमकी द्यायला दुसरं लग्न करावं लागत नाही. 'मुलगा झाला नाही तर दुसरी करीन' हे वाक्य घरात एकदा उच्चारलं की पुरतं, आणि मुसलमान नवऱ्याच्या तोंडी त्याला कायद्याचं पाठबळ असतं. तलाकचंही तसंच. एका दमात तीनदा तलाक म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला रद्द केलं, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. ज्या शायरा बानोंच्या याचिकेवर तो निकाल आला त्यांची कहाणी टीव्हीवर तीन शब्दांपुरती उरली. पण नवऱ्याने पुन्हा पुन्हा गर्भपात करायला लावल्याची त्यांची तक्रारही होती, आणि तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही. महिन्या-महिन्याच्या अंतराने दिलेला तलाक अजून चालतोच. बायकोला मात्र एक तर खुला, म्हणजे तिच्या मागणीवरून होणारा तलाक, मागायचा, ज्याला नवऱ्याची राजी लागते असं आमच्याकडचे काझी धरून चालतात, नाही तर १९३९ च्या कायद्याखाली कोर्टात जाऊन छळ सिद्ध करत बसायचं. सोडून जाण्याचा रस्ता एकाला सपाट आणि दुसरीला चढाचा असेल, तर पोटातल्या गर्भाबद्दल दोघांत मोकळी सल्लामसलत कशी होणार?

म्हणून निकाहनामा. हा करार आहे, असं उलेमा सांगतात, कोर्टंही सांगतात. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मुस्लिम विवाह हा संस्कार नसून करार असल्याचं पुन्हा एकदा नमूद केलं. करारात अटी घालता येतात. नवऱ्याने आपला तलाकचा अधिकार काही अटींवर बायकोकडे सोपवायचा, याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. हनफी धर्मशास्त्राला ते मान्य आहे, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने तर १८८२ सालीच असा करार उचलून धरला होता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे हत्यार म्यानात पडून आहे.

आमच्याकडे निकाह कसा लागतो ते पाहा. वकील (कोर्टातला नव्हे, निकाहातला प्रतिनिधी) आणि दोन गवाह नवरीच्या खोलीत येतात, मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम वाचली जाते, कबूल आहे का विचारलं जातं. नवरी मान खाली घालून बसलेली, खाला नाही तर फूफी तिच्या पाठीवर हात ठेवून "बोल बेटा" म्हणते, पेन हातात दिलं जातं. सही होते. कागद बहुधा उर्दूत, आणि सही करणारी मुलगी कित्येकदा मराठी नाही तर कन्नड शाळेत शिकलेली. मेहर नगद की उधार एवढ्यावर दोन्हीकडच्या पुरुषांनी रात्रभर घासाघीस केलेली असते. बाकीच्या अटींची जागा रिकामी. तो कागद तिला पुन्हा दिसतो तो पोटगीच्या दाव्यात, वकिलाच्या टेबलावर.

त्या रिकाम्या जागेत मला जी ओळ हवी आहे ती अशी: बायकोला गर्भनिरोधक वापरायला नवरा मनाई करणार नाही, गर्भ ठेवण्यासाठी किंवा काढण्यासाठी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही, तिला दवाखान्यात जाण्यापासून अडवणार नाही, आणि यातलं काही मोडलं किंवा त्याने दुसरं लग्न केलं तर तलाक-ए-तफवीजचा अधिकार तिच्याकडे राहील. शेवटचा भाग नसेल तर आधीचं सगळं पोकळ आहे. मोरोक्कोने २००४ साली आपल्या कौटुंबिक संहितेच्या कलम ५१ मध्ये घर, मुलं आणि कुटुंबनियोजनाचे निर्णय नवराबायकोने सल्लामसलतीने घ्यावेत असं घातलं. तो देश मालिकी, म्हणजे गर्भपाताबाबत सगळ्यात कडक परंपरेतला. त्यांच्याकडे कायद्यात बसलं, ते आमच्या करारात बसायला अडचण नसावी. पाकिस्तानचा अनुभवही लक्षात ठेवू. तिथल्या छापील निकाहनाम्यात अठरावा रकाना तफवीजचा आहे, पण निकाह लावणारेच अनेकदा तो रकाना आडवी रेघ मारून मोकळे होतात, वधूला न विचारता. रकाना छापून भागत नाही. मुलीकडच्यांनी तो वाचून घ्यायला हवा, आणि मेहरसाठी जी घासाघीस करतात त्यातली थोडी इथे करायला हवी.

'मंडपातच तलाकची भाषा करायची का?' हा आक्षेप मी बापांकडून ऐकला आहे. उधार मेहरचं दुसरं काम काय असतं? ती रक्कम वेळ पडली तर म्हणूनच लिहिलेली असते, आणि तिथे कुणाला अपशकुन वाटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशी ओळ गरीब बाप घालूच शकणार नाही, मुलाकडचे उठून जातील. खरं आहे. एकट्या बापाने घातली तर जातील. जमातीने सगळ्यांसाठी छापली तर कुठे जाणार? म्हणून मागणी जमातीकडे करायची. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १९६६ साली मुंबईत सात मुसलमान बायकांनी मोर्चा काढला होता. त्यांनी थेट सरकारकडे कायदा मागितला, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सरकारच्या दाराशी आता वेगळ्याच हेतूचे लोक गर्दी करून उभे आहेत. बायकांनी जमातीचं दार वाजवावं.

अल्पवयीन मुलींचा प्रश्न या ओळीने सुटणार नाही. त्यांचा मुळात निकाहच लागता कामा नये. इथे सीमेची एक विचित्र भानगड आहे. कर्नाटकाने केंद्राच्या बालविवाह कायद्यात दुरुस्ती केली असून २०१७ पासून इथला बालविवाह मुळातच रद्दबातल धरला जातो. महाराष्ट्रात तो रद्द करवून घ्यावा लागतो. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की मुलीची कायदेशीर स्थिती बदलते, आणि लग्न कागलात लावायचं की निपाणीत, हे तिने ठरवलेलं नसतं. शिवाय अशी मुलगी गरोदर राहिली की दवाखान्याला पोलिसांत कळवावंच लागतं. बंगळूरच्या एका सतरा वर्षांच्या विवाहित मुलीचं असंच झालं: ती तपासणीला गेली आणि नवऱ्यावर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागला. पोक्सो वैयक्तिक कायद्याच्या वरचढ आहे, असं उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. ते योग्यच. पण याचा परिणाम म्हणून घरचे अशा मुलीला दवाखान्याची पायरीच चढू देत नाहीत, आणि ती सुईणीच्या किंवा मेडिकल दुकानातल्या गोळ्यांच्या भरवशावर राहते.

एक मागणी मुसलमानांपुरती नाही. दवाखान्यातले संमतीचे फॉर्म आमच्याकडे कन्नडात किंवा इंग्रजीत असतात. सही करणारी बाई खानापूरची असो, बेळगावच्या शहापुरातली असो की निपाणीची, काय वाचून सही केली ते तिला सांगता येत नाही. तिच्या बाजूला बसलेला पुरुष जे सांगेल ते तिने वाचलेलं असतं. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्या, ही आमची जुनी मागणी. पाट्यांसाठी आपण भांडलो, सात-बाराच्या उताऱ्यांसाठी भांडलो, परिपत्रकांसाठी भांडलो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत बायका दरवर्षी पुढे असतात. त्यांच्याच अंगावर शस्त्र चालवायची परवानगी ज्या कागदावर घेतली जाते तो कागद एका पानाचा आहे, आणि तो मराठीत आणि उर्दूत छापून मागणारं निवेदन महाराष्ट्र एकीकरण समितीने दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुढच्या निवेदनात हा मुद्दा घालायला कुणाची हरकत निघते, ते तरी कळेल.